ओल्या हातांनी बटण दाबू नका

भूत या प्राण्याला शिवराम गायकवाडांच्या घरात प्रवेश नव्हता. कधीच नव्हता! "आमच्याकडची सगळी भुतं आम्ही छप्पन्न सालीच हाकलली. आता कुणाच्या मानगुटीवर बसली असतील तर ज्याची त्याने सांभाळावीत!" हे वाक्य त्यांनी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत इतक्या जणांना ऐकवलं होतं, की ते रिटायर झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेबांनीच ते म्हणून दाखवलं. शिवरामरावांची छाती तेव्हा जी फुगली, ती बदलापूरच्या फ्लॅटमध्ये येऊनही उतरली नव्हती.

आणि येत्या रविवारी तर पर्वणीच होती. त्यांची बायको जनाबाई जाऊन वर्ष होत होतं. घरीच पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला होता. वंदना, खीरदान आणि मध्ये शिवरामरावांचं भाषण. विषय अर्थातच अंधश्रद्धा! मंडळाचे अध्यक्ष श्यामकांत मोरे मुद्दाम म्हणाले होते, "शिवरामदादा, लोक हल्ली पुन्हा उतारे-बितारे करायला लागलेत. असं बोला की एकेकाच्या डोक्यातलं भूत निघालं पाहिजे."

"निघणार! नाही निघालं तर शिवराम गायकवाड नाव लावणार नाही," शिवरामराव म्हणाले.

माणसाने असं बोलू नये. निदान बुधवारच्या आधी तरी बोलू नये.

बुधवारी दुपारी ते घरात एकटेच होते. मुलगा विक्रांत उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये मुकेश सेठकडे कॉम्प्युटरवर कामाला. कार्यक्रमासाठी त्याने आठवडाभर सुट्टी काढली होती आणि नातेवाइकांना आमंत्रणं द्यायला सकाळीच बाहेर पडला होता. बिल्डिंग नवी. निम्मे फ्लॅट लोकांनी नुसते घेऊन कुलपं लावून ठेवलेले. दुपारच्या वेळी त्या मजल्यावर अशी शांतता पसरायची, की नळाचा थेंब पडला तरी कोणीतरी आल्यासारखं वाटायचं.

शिवरामरावांनी जेवण उरकलं, ताट धुतलं, आणि पंखा लावायला तसाच हात बटणाकडे नेला.

"ओल्या... हातांनी... बटण... दाबू नका."

शिवरामरावांचा हात हवेतच राहिला. आवाज आतल्या खोलीतून आला होता. आणि तो जनाबाईंचा होता!

अगदी तोच, बालवाडीत पोरांना शिकवून शिकवून स्वच्छ झालेला आवाज. पण त्यात राग नाही, माया नाही, काही नाही. एकेक शब्द आठवून आठवून उच्चारल्यासारखा, आणि दोन शब्दांच्या मध्ये थंडगार पोकळी.

ते चोरपावलांनी आतल्या खोलीत गेले. खोलीत कोणी नव्हतं. टेबलावर विक्रांतच्या कॉम्प्युटरचा काळा पडदा, शेजारी जनाबाईंचा हार घातलेला फोटो. विक्रांतने तो दोन काळ्या डब्यांना टेकवून उभा केला होता. जनाबाई नेहमीसारख्याच किंचित हसत होत्या.

"भास!" शिवरामराव मोठ्याने म्हणाले. "वय झालं, जेवण जड झालं, भास झाला. विज्ञानात याला उत्तर आहे."

फोटो म्हणाला, "आधी... बंद करा. मगच... झाकण... उघडा."

'झाकण' म्हणताना आवाज किंचित खोकला. जनाबाई शेवटच्या महिन्यांत अशाच खोकायच्या. शिवरामराव धावत स्वयंपाकघरात गेले. गॅसवर दुधाचं पातेलं होतं, झाकण घातलेलं, आणि खाली गॅस मंद चालू! दूध आटून बुडाशी लागलं होतं. त्यांनी आधी गॅस बंद केला. मगच झाकण उघडलं!

आता तुम्ही म्हणाल, योगायोग. शिवरामरावही तेच म्हणाले. स्वतःशी पुष्कळ वेळा म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! "जोरात... दाबू नका." "उन्हात... ठेवू नका." "स्वच्छ... कोरड्या... कापडाने... पुसा." जनाबाईंचा सगळा संसार 'नका' या एका शब्दावर उभा होता. हे करू नका, ते ठेवू नका, तिथे बसू नका! वर्षभर घरात कुणी 'नका' म्हटलं नव्हतं. भीती तर वाटत होतीच, पण शिवरामराव मुकाट्याने फडकं घेऊन शोकेस पुसायला लागले. लोणच्याची बरणी उन्हातून आत आणली. टीव्हीच्या रिमोटची बटणं तर ते लहान मुलाच्या गालाला हात लावावा तशी दाबू लागले.

सगळ्यात वाईट शुक्रवारची संध्याकाळ होती. दिवेलागणीला शिवरामराव पायांत चपला सरकवून फिरायला निघाले, कडी उघडली, आणि मागून आवाज आला.

"... एकटे... सोडून... जाऊ नका."

पहिला शब्द आलाच नाही. नुसती पोकळी, आणि मग हे. तेवढ्यात आवाज पुन्हा म्हणाला, "पाणी... घाला." आणि 'पाणी'च्या मागे, लांबून, कुकरची शिट्टी वाजली! घरातला कुकर ओट्यावर पालथा पडला होता.

ते दार उघडंच टाकून जिना उतरले आणि खालच्या गोदूकाकूंच्या दारात जाऊन उभे राहिले. गोदूकाकू मूळच्या तिथल्याच, बिल्डिंग उभी राहिली ती जमीन त्यांच्याच घरची. भुताखेतांवरून शिवरामरावांनी त्यांची आजवर इतकी टर उडवली होती, की तोंड उघडायची लाज वाटली.

"काय नाही, सहज आलो. काकू, समजा एखादं गेलेलं माणूस... म्हणजे आपलं एक उदाहरण म्हणून..."

"जनाबाय बोलतं ना?" गोदूकाकू शेंगा सोलता सोलता म्हणाल्या. "मना आयकू येतं खाली. तिचा जीव अरकलाय कशान तरी. तिच्या आवडीचा काय ते ताटान वाढून ठेवा."

"छे छे! आमच्यात तसलं चालत नाही! आम्ही प्रतिज्ञा घेतलीय, श्राद्ध करणार नाही म्हणून!"

"मंग नका ठेवू. बसा आयकत."

शनिवारी दुपारी विक्रांत मंडपवाल्याकडे गेल्यावर शिवरामरावांनी सुक्या बोंबलांची चटणी केली. जनाबाईंचा जीव की प्राण! ती ताटलीत वाढली, वर दोन भाकऱ्या ठेवल्या आणि इकडेतिकडे बघत ताटली फोटोसमोर सरकवली. "हे श्राद्ध नाही," ते भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोची नजर चुकवत म्हणाले, "उरलेलं जेवण आहे. जागा नव्हती म्हणून इथे ठेवलं."

"अर्ध्यापेक्षा... जास्त... भरू नका," जनाबाई म्हणाल्या.

शिवरामरावांनी एक भाकरी परत उचलली. आणि मग त्यांना रडूच आलं. आयुष्यभर छाती ठोकून सांगितलं, माणूस गेला की संपला, आणि आज चोरासारखं ताट वाढतोय! उद्या लोकांपुढे काय तोंड दाखवायचं? आणि त्याहून वाईट म्हणजे ती खरंच इथे असेल, एकटी, त्या टेबलावर, तर तिला 'तू नाहीस' असं तिच्या तोंडावर सांगायचं?

रविवार उजाडला. हॉल माणसांनी भरला. जनाबाईंचा फोटो आतल्या खोलीतून आणून खुर्चीवर ठेवला होता, तेव्हा शिवरामरावांना हायसं वाटलं. फोटो इकडे आला म्हणजे आवाजही इकडेच येईल, निदान डोळ्यांसमोर राहील! वंदना झाली. विक्रांत खिरीचं पातेलं आणायला खाली गेला. श्यामकांत मोऱ्यांनी खूण केली आणि शिवरामराव भाषणाला उभे राहिले.

"बंधूंनो आणि भगिनींनो," त्यांनी सुरुवात केली. "माणूस गेला की... संपला. त्याचा आत्मा, भूत, काही नसतं..."

"चूक," रिकाम्या आतल्या खोलीतून जनाबाई म्हणाल्या.

हॉल गार पडला. कुणाचीतरी वाटी खाली पडून घरंगळत गेली.

"नसतं," शिवरामराव खुर्चीची पाठ घट्ट धरून म्हणाले, "असं विज्ञान सांगतं..."

"चूक. पुन्हा... प्रयत्न... करा."

"अरे देवा!" हे श्यामकांत मोरे म्हणाले. अध्यक्ष! मागच्या बायका एकमेकींना बिलगल्या. दारातल्या लोकांनी चपला शोधायला सुरुवात केली. गोदूकाकू तेवढ्या मान डोलावत बसल्या होत्या, आपलंच भाषण चालू असल्यासारख्या.

आणि मग तो आवाज पुन्हा आला, पहिल्यापेक्षा सावकाश.

"तुम्ही... कुठे... आहात? लगेच... या. मी... वाट... पाहत आहे."

कुणी हललं नाही. शिवरामरावांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, खुर्चीवरच्या फोटोकडे पाहिलं, आणि ते सगळ्यांच्या देखत ओरडले,

"येतो गं जना, येतो! पण एवढं भाषण तरी पुरं करू दे!"

तेवढ्यात विक्रांत खिरीचं पातेलं घेऊन दारात आला. आतून पुन्हा आवाज आला, "लगेच... या!" विक्रांतच्या हातून पातेलं सुटलं. निम्मी खीर श्यामकांत मोऱ्यांच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या पँटवर!

"आईचा आवाज! सेठ आज दुकान उघडून बसलाय?" विक्रांत खिरीतून घसरत आतल्या खोलीत धावला. त्याने दिवसरात्र चालूच असलेल्या कॉम्प्युटरचा पडदा तेवढा लावला, दोन मिनिटं त्यात डोकं घातलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "पप्पा, माझी चूक आहे! आउटपुटची ओळ बदलायची राहिली!"

"कसली ओळ?" शिवरामराव कसेबसे म्हणाले. मग उरलेल्या खिरीभोवती उभं राहून सगळ्यांनी ते ऐकलं. मुकेश सेठ मिक्सर बनवायचा. मिक्सरबरोबरची इंग्रजी माहिती मराठीत करून बोलून दाखवणारा प्रोग्राम विक्रांतने केला होता. दुकानात इंग्रजी टाइप करायचं, की त्याचं मराठी होऊन आवाजात बाहेर पडायचं; ते रेकॉर्ड करून प्रत्येक मिक्सरबरोबर द्यायचं. तो आवाज कुठे पाठवायचा हे प्रोग्राममध्ये एका ओळीत लिहावं लागतं. तपासून बघायला म्हणून विक्रांतने त्या ओळीत घरच्या कॉम्प्युटरचा पत्ता टाकला होता, आणि सुट्टीच्या गडबडीत तो तसाच राहिला. कॅम्प दोनमध्ये दुकानातली टायपिस्ट तेजल टाइप करायची आणि बदलापुरात जनाबाई बोलायच्या! फोटोमागचे ते दोन काळे डबे म्हणजे स्पीकर होते.

"अरे, पण तिचा आवाज?"

विक्रांत खाली बघत म्हणाला, "तुम्ही संध्याकाळी फिरायला जायचात तेव्हा आईने एकेक शब्द वाचून दिला होता. इथेच, ओट्यापाशी उभी राहून. प्रोग्राम ते शब्द जोडतो. जे तिने वाचले नाहीत तिथे गप्प बसतो. 'मिक्सर' राहूनच गेला. त्याच आठवड्यात तिला ॲडमिट केलं."

म्हणजे ती शिट्टी जनाबाईंच्याच कुकरची होती. आणि खोकलाही तिचाच. शिवरामरावांनी वळून ओट्याकडे पाहिलं.

"पण ते 'लगेच या'?" पँट पुसत श्यामकांत मोऱ्यांनी विचारलं.

उत्तर विक्रांतच्या मोबाइलवरून आलं. सुट्टीत सेठचा फोन उचलायचा नाही असा त्याचा नेम होता, तो त्याने आज मोडला. पलीकडून मुकेश सेठ एवढा ओरडत होता, की सगळ्या हॉलला ऐकू आलं. "अरे साईं, चार दिवस झाले! इधर कुछ आवाजच येत नाय! तूच बोलला ना, काय अडलं तर यात लिहा, पोचेल! मी सकाळपासून लिहितोय, राँग, ट्राय अगेन, व्हेअर आर यू! तुला पोचलं नाय काय?"

"पोचलं, सेठ," विक्रांत म्हणाला. "सगळ्यांना पोचलं."

मग जे हसू फुटलं ते खिरीच्या वाट्या रिकाम्या होईपर्यंत थांबलं नाही. सगळ्यात जास्त हसले श्यामकांत मोरे, 'अरे देवा' कोणाच्या लक्षात राहू नये म्हणून. आणि 'येतो गं जना' हे वाक्य मात्र त्या दिवसापासून बदलापूर ते अंबरनाथ सगळ्यांच्या तोंडी बसलं. छप्पन्न सालचं वाक्य कुणाला आठवेना!

पाहुणे गेल्यावर विक्रांत कॉम्प्युटरपुढे बसला. फोटो पुन्हा जागेवर ठेवला होता. "पप्पा, ही ओळ बदलतो. मग आवाज सेठकडे जाईल, इथला बंद."

"बदल. त्याचं काम अडायला नको." शिवरामराव खुर्ची ओढून बसले. "मग प्रत्येक मिक्सरबरोबर तीच बोलणार?"

"हो. गावोगावी."

"हरकत नाही. एवढी वर्षं मी एकट्याने ऐकून घेतलं, आता महाराष्ट्राला ऐकू दे." ते फोटोपुढे येऊन उभे राहिले. आवाज खाली गेला. "जना, पाच दिवस बोलत होतीस, भीतीने माझा जीव गेला होता. पण घर भरल्यासारखं वाटत होतं गं. जाताना एक तरी गोड शब्द बोल."

विक्रांतचं बोट बटणावर थांबलं. तिकडे कॅम्प दोनमध्ये तेजल शेवटच्या पानावर आली असावी.

"तक्रार... असल्यास... कंपनीशी... बोला," जनाबाई म्हणाल्या.

"घ्या! जिवंत असतानाही माझी तक्रार हिने कधी ऐकली नाही!" शिवरामराव डोळे पुसत हसले. विक्रांतने ओळ बदलली आणि खोली शांत झाली.

शिवरामराव दिवा घालवायला उठले. बटणाजवळ गेलेला हात त्यांनी मागे घेतला आणि आधी लेंग्याला नीट पुसला. भुताखेतांवर विश्वास नसलेला माणूस! आणि हात तर कोरडेच होते.