सुमनबाईंना विचारून सांगतो

सुमनबाई पगार यांचा चष्मा हरवला म्हणून आमच्या ऑफिसचं अख्ख्या दिवसाचं काम थांबलं होतं. आणि सुमनबाई पगार नावाची बाई या जगात अस्तित्वातच नाही.

त्या देवरे सरांच्या डोक्यातून निघाल्या. देवरे सर म्हणजे आमचे बिझनेस अ‍ॅनालिस्ट. इंदिरानगरमध्ये एका डेअरीच्या वर आमचं छोटंसं ऑफिस आहे. संस्थांना, कारखान्यांना लागणारी अ‍ॅप आम्ही बनवतो. गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय ते शोधून काढायचं, हे देवरे सरांचं काम. पन्नाशी कधीच उलटलेली, मूळचे नामपूरचे. सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळता सांभाळता या धंद्यात आले. मी त्यांच्यापेक्षा बराच लहान, पण ऑफिस माझं, म्हणून ते मला साहेब म्हणतात. ऐकतात मात्र सुमनबाईंचं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. अ‍ॅप ज्याच्यासाठी बनवायचं, तो माणूस आधी कल्पनेनं उभा करायचा. त्याचं नाव, वय, हातातला फोन, एवढं अर्ध्या पानावर लिहायचं, भिंतीला चिकटवायचं आणि विसरून जायचं. सगळेच असं करतात. देवरे सर विसरायलाच तयार नव्हते, तिथं घोळ झाला.

एका ट्रस्टच्या हॉस्पिटलचं काम आमच्याकडे आलं होतं. तपासणीचा नंबर लावायला लोक सकाळी उजाडायच्या आत येऊन बसायचे, तो नंबर घरबसल्या फोनवर लागावा, एवढंच करायचं होतं. आमच्यासाठी काम मोठं. हे पसंत पडलं तर ट्रस्टच्या शाळा-कॉलेजांचीही कामं मिळणार होती. नाही पडलं तर ऑफिसातल्या निम्म्या पोरांना मला दुसरीकडे नोकरी बघायला सांगावं लागणार होतं. म्हणून मी देवरे सरांना हॉस्पिटलात पाठवलं, म्हटलं दोन दिवस बघून या. ते महिनाभर तिथल्या बाकांवर बसून राहिले आणि सुमनबाईंना घेऊनच परत आले.

वय बासष्ट. गुडघे गेलेले. फोन नातवाचा जुना, कोपऱ्यात काच तडकलेली, मेमरी सुप्रभातच्या फुलांनी भरलेली. इथपर्यंत ठीक होतं. पुढे ते म्हणाले, "आणि बहिणीशी बोलत नाहीत. लग्नातल्या साडीवरून बिनसलंय."

"अहो, याचा अ‍ॅपशी काय संबंध?"

"असं कसं, साहेब? अडलं तर फोन करून विचारणार कोणाला?"

मी बहिणीसकट ते पान भिंतीला चिकटवलं.

तेव्हापासून कुठलीही गोष्ट पुढे सरकेना. काहीही दाखवा, उत्तर ठरलेलं: "सुमनबाईंना विचारून सांगतो." मग खिडकीपाशी जाऊन चहा घेत उभे राहायचे आणि परत येऊन नकार कळवायचे. केतकी आमची डिझायनर, गुणी मुलगी. तिनं वर कोपऱ्यात तीन आडव्या रेघा काढल्या, म्हणजे त्या दाबल्या की यादी उघडते. देवरे सर भडकले. भडकले की त्यांच्या तोंडी नामपूरकडची अहिराणी येते. "हाई काय शे? हे आहे काय?" म्हणाले, "सुमनबाईंना वाटलं, काचेला अजून तडा गेला." एकदा बिचारी वैतागून म्हणाली, "मग सुमनबाईंनाच करू द्या ना डिझाईन!" यावर सरांनी खरोखर विचार केला. म्हणाले, "नको, त्यांना श्रावणात उपास असतात."

चष्म्याचा दिवस तर मी जन्मात विसरणार नाही. सुमनबाईंचा चष्मा सापडत नाही, असं सकाळीच जाहीर करून त्यांनी ऑफिसातल्या सगळ्यांचे चष्मे काढून टेबलाच्या खणात टाकले आणि प्रत्येकाला नंबर लावायला बसवलं. मला जाड भिंगाचा चष्मा आहे. मी डोळे बारीक करून, अंदाजानं बटणं दाबत, शेवटी एकदाचा नंबर लावला. तो प्रसूती विभागात लागला. देवरे सर हसले नाहीत. त्यांनी अ‍ॅपचे ते सगळे स्क्रीन रद्द केले, केतकी परत पहिल्यापासून बसली, आणि चष्मे मिळाले ते संध्याकाळी. संतापानं माझं डोकं फुटायचं बाकी होतं.

त्यात आमचे गिऱ्हाईक म्हणजे ट्रस्टचे अध्यक्ष. त्यांना सगळे अण्णासाहेब म्हणत. अण्णासाहेबांना अ‍ॅप उघडताच हात जोडलेला त्यांचा फोटो हवा होता. मग विश्वस्तांचे फोटो, मग आरोग्याचे सुविचार आणि मग जागा उरली तर नंबर. मी म्हणणार होतो, होऊन जाईल. तेवढ्यात देवरे सर बोलले.

"सुमनबाईंनी तुमचा फोटो दाबला. नंबर लागला नाही."

काम गेलं, असं धरून मी फाइल मिटायला घेतली. पण अण्णासाहेबांचा चेहरा पडला होता. "अरे, त्यांना सांगा, फोटो दाबायचा नसतो."

"सांगितलं. पण बटणासारखा दिसतो म्हणतात."

"मग खाली घ्या फोटो," अण्णासाहेब म्हणाले. पुढच्या मीटिंगला तो आणखी खाली गेला. त्याच्या पुढच्या वेळी अण्णासाहेबांनीच आल्याबरोबर विचारलं, "सुमनबाईंना बरं वाटतंय का गुडघ्याचं?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की या गृहस्थांना ती बाई खरी वाटते आहे. मी देवरे सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "थंडीत जास्त दुखतो."

शेवटी फोटो गेला, विश्वस्त गेले, सुविचारही गेले. उघडलं की एकच मोठं बटण उरलं: नंबर लावा. मला वाटलं, सुटलो. तर उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका हातात आली. त्यात छापलं होतं: 'ज्यांच्या सूचनांमधून हे अ‍ॅप साकारले, त्या श्रीमती सुमनबाई पगार यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार.'

मला दरदरून घाम फुटला. भर सभेत अण्णासाहेबांना आपली फसवणूक झाली असं वाटलं असतं, तर हे कामही गेलं असतं आणि पुढची कामंही. मी देवरे सरांना गाठलं. माझी एक मावशी त्याच वयाची आहे, गुडघेही दुखतात, शाल घ्यायला येईल, फक्त तिला बोलायला लावू नका, असं सुचवलं. मावशीनं साडीसुद्धा काढून ठेवली होती.

"भलतीच बाई?" देवरे सर दुखावले. "नाही साहेब. सुमनबाईंना आवडणार नाही."

मी त्यांच्यापुढे अक्षरशः हात जोडले. म्हणाले, बघतो.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं, बहुतेक सगळे हॉस्पिटलचे जुने पेशंट. सुमनबाईंचं नाव पुकारलं आणि देवरे सर स्टेजवर चढले. मी खुर्चीत जमेल तेवढा खाली सरकलो.

"सुमनबाई पगार ही बाई जगात नाही," देवरे सर माइकवर म्हणाले. "ती मी बनवली. पण मनानं नाही बनवली. तुमच्या बाकांवर बसून बनवली. गुडघे एका आजींचे घेतले, फोन दुसऱ्यांचा. चष्मा तर तुमच्यातल्या कितीतरी जणांचा हरवतो. बहिणीशी साडीवरून भांडण कोणाचं ते आता आठवत नाही."

अण्णासाहेबांच्या हातातली शाल तशीच अर्धवट उघडी. मी केतकीकडे बघायचंही टाळलं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक म्हातारी उठली. "आठवत कसं नाय? भांडण माझं हाय! आणि साडी मोरपंखी व्हती, लय भारी व्हती, उगाच नाय भांडले."

"गुडघे माझे," मागून दुसरा आवाज आला. फोनवर तर दोघी-तिघींनी हक्क सांगितला. सभागृह हसायला लागलं. अण्णासाहेब राजकारणात मुरलेले. वारा कुठला ते त्यांनी ओळखलं. स्वतः खाली उतरून मोरपंखी साडीवाल्या आजींच्या खांद्यावर शाल घातली आणि म्हणाले, "या आमच्या सुमनबाई." टाळ्या थांबेनात. पुढच्या आठवड्यात शाळा-कॉलेजांचं काम आम्हाला मिळालं. देवरे सरांवरचा माझा राग काही गेला नाही. मला त्या दिवशी जे वाटलं, ते कोणालाच वाटू नये.

अ‍ॅप चाललं. उन्हाळ्यात एका शनिवारी मी आईला घेऊन त्याच हॉस्पिटलात गेलो. नंबर तिनंच घरून लावला होता, मला हातही लावू दिला नाही. वेळेवर पोचलो आणि तिला लगेच आत घेतलं. बाहेरचा तो मोठा हॉल, जिथं पूर्वी पाय ठेवायला जागा नसायची, तो रिकामा. फक्त खिडकीजवळच्या बाकावर देवरे सर बसले होते, शेजारी जेवणाचा डबा.

"तब्येत बरी नाही का?" मी घाबरून विचारलं.

"छे, तब्येत चांगली आहे. सुट्टी होती, आलो सहज." मग जरा ओशाळून म्हणाले, "महिनाभर बसलो होतो ना इथं, सवय लागली. कोणी विचारायचं, डब्यात काय आणलं, कोणी लोणचं वाढायचं. मी आलो नाही तर दुसऱ्या दिवशी हजेरी घ्यायचे. घरी मी एकटाच असतो, साहेब. इतकी माणसं माझ्याशी कधी बोललीच नव्हती."

ते एकटे असतात, हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "आता कोणी भेटतं का?"

"आता कशाला थांबतील? येतात, दाखवतात, दहा मिनिटांत घरी." त्यांनी त्या रिकाम्या बाकांवरून नजर फिरवली. "चांगलं झालं की नाही आपलं काम?"

"फार चांगलं झालं," मी म्हणालो. या माणसानं मला वर्षभर छळलं होतं, आणि त्या क्षणी मला त्याच्यासाठी रडू येत होतं.

आई बाहेर आली. तिच्या हाताला धरून देवरे सर रिक्षापर्यंत आले. "चला ना आमच्याकडे जेवायला," मी म्हणालो, आईनंही आग्रह केला.

"पुढच्या वेळी नक्की. आज डबा आणलाय," ते म्हणाले. रिक्षा वळली तेव्हा मी मागे पाहिलं. ते परत आत निघाले होते.