खडीच्या रस्त्यावरचा छापा

"माणूस आणि तराजू, दोन्ही मला एका नजरेत कळतात!" असं काटेसाहेब दिवसातून एकदा तरी म्हणायचेच. त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. पण वजनमापं तपासायच्या खात्यात सगळी नोकरी गेली, आणि दुकानदारांच्या काट्यांवर त्यांच्या एवढ्या धाडी पडल्या की लोकांनी त्यांचंच नाव काटेसाहेब पाडलं. पुढे साहेब निवृत्त झाले, संशय मात्र झाला नाही! साखरेचा पुडा घरात आला की आधी काट्यावर चढायचा आणि मगच डब्यात उतरायचा. लेक जन्मली तेव्हा परिचारिकेनं हसतमुखानं बाळाचं वजन सांगितलं, तर हे म्हणाले, "ते राहू दे. तुमच्या काट्याची पडताळणी शेवटची कधी झाली?"

त्याच लेकीनं आता लग्न ठरवलं होतं. आणि मुलगा कोण, तर हार्डवेअरवाला! खिळे, साखळ्या, तारा, सगळा माल किलोवर विकणारा!

"बाबा, सोमवारपर्यंत हो की नाही ते सांगा," लेकीनं बजावलं. "तुम्ही नाही म्हणालात तर मी त्याच्याशी लग्न करणार नाही. पण मग दुसऱ्या कुणाशीही करणार नाही!"

मुलगा घरी चहाला आला तेव्हा काटेसाहेबांनी दुकानाबद्दल खोदून खोदून विचारलं. बाकी काही विचारलंच नाही. मुलगा शांतपणे उत्तरं देत होता. एवढा शांत माणूस! काटेसाहेबांना तिथेच शंका आली. मध्येच मुलाचा फोन वाजला, तो माफी मागून बाल्कनीत गेला, आणि काटेसाहेब पडदा नीट करायच्या निमित्तानं दाराशी गेले.

"वजनाचं काम झालं," मुलगा हळू आवाजात सांगत होता. "दोन किलो सरळ उडवले! बघणाऱ्याच्या लक्षातसुद्धा येणार नाही."

काटेसाहेबांनी पडदा मुठीत घट्ट धरला.

"काट्याची काळजी सोड. आतून भरून घेतलंय. कुठलाही काटा येऊ दे, आपल्याला काही होत नाही! आणि रस्ता जुन्या खाणीकडचा, पार वरचा, खडीचा. एक गाडी फिरकत नाही तिथे. रविवारी सकाळी निघू. हो, तीही येतेय. नाही, तिच्या बाबांना नाही सांगितलं. कशाला उगाच?"

पडदा दांडीसकट खाली आला.

मुलानं धावत येऊन दांडी जागच्या जागी बसवून दिली आणि वर म्हणाला, "हा खिळा बारीक आहे, मी जाड आणून देतो." काटेसाहेबांनी मनात म्हटलं, लाच!

मुलगा गेल्यावर त्यांनी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं. "वजनात मारतोय! काटा आतून भरलाय! आणि माल आडरस्त्यानं डोंगरापलीकडे नेतोय. आपल्या पोरीला सामील करून!"

"अहो, त्याला सरळ विचारा ना."

"विचारलं की काटा बदलतात! धाड घालायची तर न सांगता!"

"मग पोरीला विचारा."

"तिला विचारलं की ती त्याला सांगणार!"

बायकोनं कणीक मळता मळता कपाळाला हात लावला. नवऱ्यापुढे शहाणपण नाही, हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

काटेसाहेबांनी छटाकला फोन केला. छटाक म्हणजे त्यांच्या हाताखाली तयार झालेला, अंगानं लहानखुरा तपासनीस. आज तो खात्याच्या भरारी पथकाचा प्रमुख होता, पण साहेबांचा आवाज ऐकला की अजूनही खुर्चीतून उठायचा. रविवार असूनही बिचारा जीप घेऊन आला. मागे पथकाचा टेम्पो होता, त्यात खात्याची शिक्क्याची वजनं. छाप्यात काटा तपासायचा तर खरी वजनं नकोत?

डोंगराच्या पायथ्याशी फाटक होतं. त्यावर पाटी होती: 'पुढे वाहनांना सक्त मनाई.'

"साहेब, मनाई आहे," छटाक म्हणाला.

"कुणी लावली ही पाटी? कशावरून सरकारी आहे? चोरानं स्वतःसाठी रस्ता मोकळा ठेवलाय, कळत नाही? तुला अक्कल तेव्हाही नव्हती!"

छटाकनं मान खाली घातली आणि फाटक उघडलं.

रस्ता चढत गेला. दोन्ही अंगांना उघडे डोंगर, पलीकडच्या शिखरांवर धुकं, चाकांखाली नुसती खडी. गाडी नाही, माणूस नाही, हॉर्न नाही. एवढी शांतता काटेसाहेबांनी कधी ऐकली नव्हती, आणि ती त्यांना अजिबात आवडली नाही. "लपवण्यासारखं काही असल्याशिवाय एवढं शांत कोण राहतं?" ते म्हणाले. खडीत पट्टे उमटलेले दिसताच तर ते सीटवरून अर्धे उठले. "चाकांच्या खुणा! ताज्या! दाब भोंगा!"

"पुढे आंधळं वळण आहे, साहेब."

"दाब म्हणतो ना!"

छटाकनं दाबला. भोंगा डोंगराला आपटून चौपट होऊन परत आला. जीप वळणावर वळली, आणि समोरून आली एक सायकल! जाड चाकांची, वाकड्या हँडलची, आणि तिच्यावर हेल्मेट घातलेल्या, पांढऱ्या केसांच्या एक बाई!

बाईंनी जीप पाहिली, किंकाळी फोडली आणि सायकलसकट बाजूच्या झुडपात शिरल्या. छटाकनं ब्रेक मारला. जीप खडीवर घसरत आडवी झाली आणि तिचं मागचं चाक चरात गेलं. टेम्पो तिच्या पाठीशी येऊन थांबला. रस्ता बंद!

"धरा तिला!" काटेसाहेब उडी मारून उतरले.

तेवढ्यात बाईंच्या मागून आणखी दोन सायकली आल्या. एकीवर हार्डवेअरवाला. दुसरीवर लेक!

"आई!" म्हणत मुलगा झुडपाकडे धावला.

"बाबा?" म्हणत लेक जागीच थांबली.

काटेसाहेबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. छाप्यात आधी काटा धरायचा, ही आयुष्यभराची सवय! ते मुलाच्या अंगावर ओरडले, "काटा दाखव! कुठे आहे काटा?"

मुलानं आईच्या कोपरातून काहीतरी हलकेच उपटलं आणि निमूटपणे तळहात पुढे केला. तळहातावर काटा होता. झुडपाचा, चांगला बोटभर लांब!

"हा नव्हे! आतून भरलेला!"

"टायर आतून भरलंय," मुलगा गोंधळून म्हणाला. "त्यात चिकट पाणी असतं. काटा घुसला तरी भोक आपोआप बुजतं."

"आणि दोन किलो उडवलेस ते?"

"आईच्या सायकलचे. कॅरिअर काढलं, लोखंडी सीट बदलली. तिला चढाला हलकी पडावी म्हणून."

झुडपातल्या बाई उठून बसल्या. "एक गाडी फिरकत नाही म्हणाला होतास ना रे फोनवर?"

"बाबा," लेक पुढे येऊन म्हणाली, "एका गाडीनं उडवल्यापासून याच्या आई रस्त्यावर पाय ठेवायला घाबरायच्या. त्यांना पुन्हा सायकल चालवायची होती. गाडी नसलेला रस्ता शोधत हा किती सुट्ट्या डोंगरात भटकला! तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही रस्ता तपासायला आला असतात, म्हणून नाही सांगितलं."

काटेसाहेबांनी जीपकडे पाहिलं. मग टेम्पोकडे. त्यांना मनापासून लाज वाटली. पोरगा लाखात एक होता, आणि त्यांनी त्याच्याच आईला काट्यात घातलं होतं!

पण चूक कबूल करायची सवय नव्हती. म्हणून त्यांनी घसा साफ केला आणि सोमवारची वाट न पाहता मोठ्यांदा जाहीर केलं, "आमच्याकडून होकार आहे!"

जीपचं चरातलं चाक तेवढं हळूहळू फिरत होतं.

बाईंनी दुसऱ्या कोपरातला काटा स्वतःच काढला. "मुलगी सोन्यासारखी आहे, तिच्याबद्दल शंकाच नाही," त्या म्हणाल्या. "पण घरची माणसं कशी आहेत, याची मला आता जरा चौकशी करावी लागेल." आणि त्या छटाककडे वळल्या. "तुम्ही यांना बरीच वर्षं ओळखता वाटतं?"

"हो तर!" छटाक म्हणाला. त्यानं जीपचं इंजिन बंद केलं, एक सपाट दगड पाहिला आणि त्यावर ऐसपैस मांडी घातली. "कुठून सुरू करू?"