बगळ्यांचा बारावा नंबर

रविवारी सकाळी चर्चच्या बाकावर टेकताच मार्लिस ऑक्सनरने दारात हाती पडलेला गुलाबी कागद उलगडला आणि तिचा चेहराही हळूहळू त्याच रंगाचा झाला.

"व्हर्लिन," ओठ न हलवता ती शेजारी बसलेल्या नवऱ्याला म्हणाली, "बुधवारच्या जेवणाची यादी कुठाय?"

"तुझ्या हातात."

"माझ्या हातात तुझे बगळे आहेत."

व्हर्लिनने कागदात डोकावून पाहिलं. चर्चच्या तळघरातल्या जेवणाला कोणी काय करून आणायचं, याची यादी मार्लिसने दोन दिवस खपून केली होती. ती छपाईला पाठवायचं काम तेवढं त्याच्याकडे होतं. तिच्या यादीला तिने संगणकावर नाव दिलं होतं 'शेवटची यादी'. त्याच्या खेळांच्या यादीचंही नाव तेच होतं. चर्चच्या कचेरीतल्या बाईंनी आलेला कागद इमानदारीने छापला होता, आणि आता अख्खं केटलफर्ड मान खाली घालून तो वाचत होतं. प्रार्थनेत इतकी शांतता पाद्रीबाबांनी कधी अनुभवली नव्हती.

व्हर्लिनचं गावातल्या मुख्य रस्त्यावर कानाच्या यंत्रांचं दुकान होतं. पण तो पोटापुरता धंदा. खरा जीव होता तो क्रमांक लावण्यात. आयोवातल्या आणि आसपासच्या बारा लहान कॉलेजांचे संघ तो दर आठवड्याला पहिल्यापासून बाराव्यापर्यंत मांडायचा. पानगळीत फुटबॉलचे, हिवाळ्यात बास्केटबॉलचे, आणि दोन्ही एकत्र चालू असले की दोन्हींचे. "मोठ्या विद्यापीठांसाठी टीव्हीवाले आहेत, पेपरवाले आहेत. आपल्या पोरांना कोण विचारतं?" असं तो म्हणे. ते खरंच होतं, कोणी विचारत नव्हतं. यादी जायची ती ॲरिझोनातल्या बहिणीला आणि एका जुन्या वर्गमित्राला. बहीण 'छान' एवढंच उत्तर पाठवायची. मित्र तेवढंही पाठवत नसे.

या कामात व्हर्लिनचा एकच नियम होता. क्रमांक लावताना प्रेम मध्ये आणायचं नाही. केटलफर्ड कॉलेजच्या संघांना बगळे म्हणत, आणि हे बगळे त्याचे स्वतःचे. बर्फ पडो, गारा पडो, गावातला एकही सामना त्याने चुकवला नव्हता. पण त्या वर्षी फुटबॉलचे बगळे सगळेच्या सगळे सामने हरले होते. म्हणून त्याने छातीवर दगड ठेवून लिहिलं होतं: 'बारा. केटलफर्डचे बगळे. तेरा कॉलेजं असती तर तेरावे. यांच्या बचावातून गेल्या शनिवारी माझ्या सासूबाईसुद्धा चेंडू घेऊन पार गेल्या असत्या, आणि त्यांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. कोच हाउगन यांना मैदानात नेमकं कुठल्या दिशेला जायचं असतं, हे कोणीतरी सांगायला हवं.'

सासूबाई दोन बाकं पुढे बसल्या होत्या. त्यांनी सावकाश मान वळवून जावयाकडे पाहिलं आणि पुन्हा सावकाश पुढे वळवली.

बाहेर पडताना दारातच आर्डिस हाउगन उभ्या होत्या. कोच डेलमर हाउगनच्या आई.

"व्हर्लिन, माझ्या डेलमरला दिशा कळत नाही म्हणतोस?"

"आर्डिसमावशी, ते खेळाच्या दृष्टीने म्हटलंय हो."

"सातव्या महिन्यात जन्मला तो. तेव्हाही त्याला बाहेर कुठून यायचं ते बरोबर कळलं होतं!"

व्हर्लिन मागच्या दाराने बाहेर पडला.

मार्लिसने शरमेने तीन दिवस फोन उचलला नाही. त्यामुळे जेवणाला काय आणायचं ते कोणालाच कळलं नाही. मग जे सर्वांत सोपं तेच प्रत्येकीने केलं. बुधवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात लांबच लांब टेबलं मांडली होती आणि त्यांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी जेली थरथरत होती. मांस नाही, बटाटे नाहीत, पावाचा तुकडा नाही. पाद्रीबाबांनी अन्नाबद्दल देवाचे आभार मानले, पण आवाजात जोर नव्हता. लोक चमच्याने जेली ढवळत व्हर्लिनकडे पाहत होते. त्याला वाटलं, आपणही त्या वाडग्यात उतरावं आणि वरून कोणीतरी झाकण लावावं.

गुरुवारी कोच हाउगन स्वतः दुकानात आला. दारात मावेल न मावेल असा माणूस. व्हर्लिनने यंत्रांचं कपाट पाठीशी घेतलं.

"कोच, मी माफी मागतो."

"माफी कसली मागताय? तो कागद मी पोरांच्या खोलीत भिंतीवर चिकटवलाय. काल सराव करताना एकमेकांना असे भिडले की दोन शिरस्त्राणं फुटली. आठ आठवडे ओरडून माझा घसा गेला, ते तुमच्या सासूबाईंनी करून दाखवलं!"

शनिवारी बगळे जिंकले. वर्षातला पहिला विजय. व्हर्लिन आनंदाने वेडा व्हायचा तेवढा राहिला. रविवारी सकाळी तो नवी यादी मांडायला बसला आणि मोठ्या न्यायबुद्धीने त्याने बगळ्यांना नववा क्रमांक दिला. बाजूला लिहिलं, 'शाबास!'

आता ही यादी सगळ्या गावाला हवी होती. न्हाव्याने काचेवर लावली, किराणावाल्याने लावली, कोचने भिंतीवर लावली. पुढच्या शनिवारी बगळे असे हरले की त्यांच्याच बँडने मध्यंतरानंतर वाजवणं बंद केलं.

"नववा नंबर?" न्हावी म्हणाला. त्याने व्हर्लिनचे अर्धे केस कापले होते आणि कात्री खाली ठेवली होती. "कोणी सांगितलं होतं तुला कौतुक करायला?"

"पण ते जिंकले होते ना!"

"जिंकले कशामुळे? तू शिव्या दिल्यास म्हणून. एवढं सरळ काम होतं तुझं, तेही जमलं नाही."

"उरलेले केस तरी काप."

"बघू, शनिवारनंतर."

संकटं तेवढ्यावर थांबली नाहीत. त्याच गुलाबी कागदावर बास्केटबॉलचेही क्रमांक होते आणि तिथे बगळे पहिले होते. 'यंदा यांना हरवणं कोणाच्या बापाला जमायचं नाही,' असं व्हर्लिनने मनापासून लिहिलं होतं. मंगळवारी त्यांना अकराव्या क्रमांकाच्या संघाने हरवलं. बुधवारी बास्केटबॉलच्या कोच रेनाटा कोल्ब दुकानात आल्या.

"व्हर्लिन, तुमचं आमच्याशी काही वैर आहे का?"

"वैर? तुम्हाला पहिलं लावलंय मी!"

"तेच म्हणतेय. पोरं हवेत गेलीत. एकजण सरावाला गॉगल लावून आला. फुटबॉलवाल्यांचे इतके छान अपमान करता, आम्ही काय पाप केलंय? आम्हालाही बारावं करा."

"पण तुम्ही बारावे नाही आहात."

"म्हणून काय झालं? लिहा ना. नुसतं 'आळशी' म्हटलंत तरी चालेल. जाडजूड म्हटलंत तर फारच उपकार होतील."

त्या रात्री जेवताना व्हर्लिनने मार्लिससमोर मन मोकळं केलं. "तीस वर्षं मी एकही क्रमांक खोटा लावला नाही. कोणी वाचत नव्हतं तेव्हा खरं लिहीत होतो. आता सगळे वाचतात, तर म्हणतात खोटं लिही."

"लिही मग."

"मार्लिस!"

"हे बघ, शनिवारी शेजारच्या मॉर्लंड कॉलेजशी सामना आहे. त्यात जिंकणाऱ्याला मिळते ती तांब्याची किटली एकोणीस वर्षं त्यांच्या कपाटात पडलीय. माझी आई आता माझ्याशी बोलत नाही, चर्चमध्ये मला जेलीवाली म्हणतात. ती किटली घरी येणार असेल तर तू मलासुद्धा बारावी लाव. माझं काही म्हणणं नाही."

दुसऱ्या दिवशी कोच हाउगन पुन्हा आला. या वेळी दोन मागण्या घेऊन. "एक, असं लिहा की पोरांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. दोन, शनिवारी तुम्ही समोरच्या बाजूला बसायचं. मॉर्लंडवाल्यांत."

"मी? तिकडे?"

"पोरांना दिसलं पाहिजे. मान वर केली की तुम्ही, आणि तुमच्या डोक्यावर त्यांची लाल टोपी. मग बघा कशी उसळतात!"

"कोच, मी सहा वर्षांचा असल्यापासून आपल्या बाजूला बसतोय."

"म्हणून तर जास्त लागेल ना त्यांना."

व्हर्लिन यादी मांडायला बसला. आळशी लिहिलं, खोडलं. भित्रे लिहिलं, खोडलं. सासूबाईंना पुन्हा बोलवावंसं वाटलं, पण धीर झाला नाही. गावातल्या या पोरांना तो ओळखत होता. एकाच्या आजोबांना त्यानेच यंत्र बसवून दिलं होतं, पहिल्याच दिवशी ते नातवाचा आवाज ऐकून हसले होते. बऱ्याच वेळाने त्याने एक ओळ लिहिली, वाचली आणि पुढे काही न लिहिता पाठवून दिली. 'बारा. केटलफर्डचे बगळे. यांच्यावर आयुष्यभर जीव लावणारा माणूस मूर्ख आहे.' त्या आठवड्यात खोटं नसलेलं तेवढं एकच वाक्य आहे, असं त्याला वाटलं.

शनिवारी तो मॉर्लंडच्या बाजूला शिरला तेव्हा तिथे गलका उठला. "हाच तो! केटलफर्डचा असून खरं बोलणारा!" लोकांनी त्याची पाठ थोपटली, कोणीतरी त्याच्या अर्धवट कापलेल्या डोक्यावर लाल टोपी घातली, आणि एका जाडजूड आजीबाईंनी सरकून आपल्या शेजारी जागा दिली, वर कोकोचा गरम पेला हातात ठेवला. समोरून, त्याच्या स्वतःच्या गावाकडून, हजारभर गळ्यांनी एकसुरात त्याच्या नावाने शिमगा केला. सर्वांत पुढे मार्लिस होती. ती हे काम जरा जास्तच उत्साहाने करतेय असं त्याला वाटलं. तिच्या शेजारी सासूबाई होत्या आणि त्या तर चक्क उभ्या होत्या.

बगळे मैदानात उतरले. त्या दिवशी कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी छाती बडवली नाही. एकेकाने मान वर करून लाल टोपीकडे पाहिलं आणि मुकाट्याने जागेवर जाऊन उभा राहिला. मग जे सुरू झालं ते व्हर्लिनने आयुष्यात पाहिलं नव्हतं. ढकलले तरी मागे हटेनात, पाडले तरी चेंडू सोडेनात. प्रत्येक वेळी त्याच्या घशाशी आरोळी यायची आणि तो ती कोकोबरोबर गिळायचा. एकदा हात आपोआप वर गेला तेव्हा त्याने टोपी नीट करण्याचं सोंग केलं.

"उसळलेत मेले आज," आजीबाई म्हणाल्या.

"हो ना," व्हर्लिन कसाबसा म्हणाला.

शेवटच्या मिनिटाला बगळे चार गुणांनी मागे होते. चेंडू त्या आजोबांच्या नातवाच्या हातात आला. तो धावला, दोघांच्या मधून सुटला, तिसऱ्याला पायाशी ओढत तसाच पुढे गेला आणि रेषेपलीकडे आडवा झाला. समोरची अख्खी बाजू कठड्यावरून मैदानात सांडली. लोकांनी पोरांना उचललं, कोचला उचललं, किटली उचलली. मार्लिसने ती डोक्यावर धरली होती. ज्या क्षणासाठी व्हर्लिन एकोणीस वर्षं गारठत बसला होता तो क्षण मैदानाच्या मधोमध चालला होता आणि तो इथे, लाल टोपीत, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. पण डोळे काही दाबता येईनात. त्याला रडू फुटलं. आधी थोडं, मग खांदे गदगदून.

आजीबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचेही डोळे भरले. त्यांनी आपल्या घोंगडीचा अर्धा भाग त्याच्या खांद्यावर टाकला.

"उगी रे बाळा, उगी. इतकं मनाला लावून घेणारा माणूस आमच्या मॉर्लंडमध्येही नाही बघ."

मागच्या रांगेतल्या एकाने त्याला रुमाल दिला. दुसऱ्याने पाठीवर हात ठेवला. "रडू नका हो. पुढच्या वर्षी बघून घेऊ त्यांना. तुम्ही फक्त एक करा, पुढच्या वर्षीही त्यांना शेवटचाच नंबर द्या. द्याल ना?"

"देईन," व्हर्लिन हुंदके देत म्हणाला. "आईशप्पथ देईन!"