कुंकू लागलेले पाच हजार फ्रँक

दिनांक ९ नोव्हेंबर २००७, लक्ष्मीपूजन. रक्कम पाच हजार फ्रँक, एकाच नोटेत. हजर: मी, माझी पत्नी सुनंदा आणि आमचे कॉव्हेंट्रीतले शेजारी भाऊ दाते.

भाऊंचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. "हात कोरडे आहेत ना?" गॅसचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही त्यांनी हे इंग्रजीत विचारलं होतं. हो म्हटलं की पांढरे सुती हातमोजे मिळत. नोटांच्या खोलीत चहा कधीच नाही. युद्धकाळातल्या फ्रेंच नोटा, त्याही मोठ्या रकमेच्या, एवढाच त्यांचा संसार. तिकडच्या बँका नोटा टाचणीने एकत्र टोचून ठेवत, म्हणून भाऊ प्रत्येक नोट खिडकीशी धरून भोकं मोजत. या पाच हजारीला एकही नव्हतं.

"युद्धानंतर सरकारनं मोठ्या नोटा परत मागवल्या," ते सांगत. "ज्यांना जमलं ते रांगेत उभे राहिले. उरल्या त्या बँकेपर्यंत न पोचलेल्यांच्या."

भाऊंची बहीण नागपूरला अंथरुणाला खिळली होती. अकरा वर्षांत भेट नव्हती. लंडनच्या एका व्यापाऱ्याने या नोटेचे ४१० पौंड कबूल केले होते. तिकीट ३९५ चं. शनिवारी नोट द्यायची आणि तिकीट काढायचं. त्याआधी तिची एकदा पूजा व्हावी म्हणून भाऊंनी ती आमच्या पाटावर ठेवली. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच त्यांनी माझ्या हातांची चौकशी केली नाही.

मी दरवर्षीप्रमाणे पासबुकाला, चेकबुकाला आणि त्याच ओघात नोटेलाही ओलं हळदकुंकू लावलं.

शनिवारी डाग पाहून व्यापारी चाळीस पौंड म्हणाला, तेव्हा नोट घेऊन भाऊ परत आले. मी फरकाचा, ३७० पौंडांचा, चेक लिहून नेला. हिशेब चोख होता.

"तुमच्या पैशांनी बहिणीला भेटू?" त्यांनी तो परत केला. चेकऐवजी तिकीटच काढून नेलं असतं तर कदाचित घेतलं असतं. मला ते सुचलं नाही. बहिणीला त्यांनी फोनवर, तिकीट मिळालं नाही, एवढंच सांगितलं.

रविवारी भाऊबीज. भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे.

"सुनंदाताई, ओवाळाल का?"

तिने ओवाळलं. भाऊंनी तबकात ती नोट ठेवली. उचलण्याआधी सुनंदा घाईने पदराला हात पुसू लागली.

"राहू द्या. आता ओले चालतील."

शेवटी दिले गेले ते पाच हजार फ्रँक. सौ. सुनंदाला, ओवाळणी म्हणून.