मधल्या मजल्यावरचे रसिक

सावेडीतल्या तीन मजली इमारतीत महेंद्र गायकवाड मधल्या मजल्यावर राहायचा. ९६ सालच्या थंडीत त्याच्या न्हाणीघराच्या खिडकीतून रोज संध्याकाळी बासरी ऐकू येऊ लागली. वरचा सूर आला की तो फाटायचा, खरखरायचा आणि महेंद्रच्या अंगावर काटा यायचा. शेवटी एकदा त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडून सांगितलं, "अहो, बंद करा ते!"

बासरी गप्प झाली.

"हे काय केलंत?" त्याची बायको शुभांगी धावत आली. "वरच्या काकासाहेबांना अर्धांगाचा झटका येऊन गेलाय. तोंडाला व्यायाम म्हणून डॉक्टरांनी रोज फुंकायला सांगितलंय."

महेंद्रला जेवण गेलं नाही. दोन दिवसांनी बासरी भीत भीत पुन्हा सुरू झाली, आणि तोच फाटका सूर या वेळी थेट त्याच्या काळजात शिरला. वाकड्या ओठांची धडपड त्याला त्यात ऐकू येत होती. गॅलरीत उभा राहून तो डोळे पुसू लागला, मग टाळ्या वाजवू लागला. शुभांगीनं शेजारणींच्या कानावर घातलं. हळूहळू सगळी इमारत टाळ्या वाजवू लागली आणि वादन लांबत गेलं.

एके सकाळी काकासाहेब जिन्यात भेटले. महेंद्रनं त्यांचा हात धरला. "काकासाहेब, काय वाजवता हो!"

"मी?" काकासाहेब सावकाश, शब्द जुळवत म्हणाले. "मी फुगे फुगवतो. बासरी तुमच्याकडं वाजते ना? तुम्ही गॅलरीत रडताना दिसता. म्हटलं, घरात कुणाला तरी माझ्यासारखंच दुखणं असेल, डॉक्टरांनी फुंकायला सांगितलं असेल. म्हणून आम्ही पण टाळ्या वाजवतो."

राहता राहिला तळमजला. तिथं श्रीगोंद्याकडचा नवा भाडेकरू होता, गोरक्ष. एमआयडीसीत कामाला होता. महेंद्र तणतणत खाली गेला, पण दारातच गोरक्षनं त्याला हात जोडले.

"या दादा! तुमच्या टाळ्यांनी लई हुरूप आला. उद्या कंपनीत राजीनामा देतोय. ऑर्केस्ट्रात जानार."

त्याची बायको पूजा मागून काकुळतीनं म्हणाली, "दादा, तुमी तरी सांगा वं यान्ला."

महेंद्रचा राग कुठल्या कुठे गेला. तो मऊ आवाजात म्हणाला, "गोरक्ष, नोकरी सोडू नका. तुमचा वरचा सूर फाटतो."

गोरक्ष हसला. "ते मला बी कळतंय. आधी फाटायचा, आता नीट लागतो. पन तो फाटला की तुमी डोळं पुसता, आसं ही अंगनातनं बघून सांगती. म्हनून मुद्दाम फाडतो. आता ऐका."

त्यानं बासरी ओठांना लावली. या खेपेला सूर सरळ वर चढला आणि निर्मळ, न हलता तिथंच थांबला. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. महेंद्रनं मान डोलावली, वाहवा केली, डोळे मिटूनही पाहिले. पण पाणी काही येईना.

गोरक्षनं त्याचे कोरडे डोळे पाहिले. मग त्यानं बासरी खाली ठेवली.

"पूजे," तो म्हणाला, "उद्या डबा कर."