एका दिवशी एकच गोष्ट

आमच्या शेजारचे मुजीब सर कोपऱ्यावर दूध आणायला जातात तेही होकायंत्र घेऊन. दुकान दारातून दिसतं बरं का! तरी हे आधी सुई बघणार, मग पावलं मोजत निघणार.

"आज किती, सर?" दूधवाला विचारतो.

"बहात्तर. कल तिहत्तर था. एक पाऊल कुठं गेलं, बघायला पाहिजे."

सर शाळेत पी.टी.चे मास्तर होते. नकाशा हातात घेऊन डोंगरात लपवलेली निशाणं शोधत पळायचा खेळ मुलींना शिकवायचे. आता बेगम गेल्या, मुलगा परदेशात. ओट्यावर खुर्च्या दोन, बसणारा एक.

माझी गत वेगळी. आमच्या यांनी चाळीस वर्षं मला स्कूटरवर मागं बसवून फिरवलं. मी बोलत बसायची, रस्ता कशाला बघते! हे गेल्यावर मुकुंदवाडीतून एकटी बहिणीकडं निघाले. क्रांती चौकात रिक्षातून उतरले आणि मागच्या गल्ल्यांत अशी गरगरले की रडतच परत आले. बहीण अंथरुणाला खिळलेली, तिला येता येत नाय.

सर म्हणाले, "भाभी, रस्ता शिकता येतो. पण मैं बोलूं वैसा."

काय सांगू! पहिला आठवडा नुसता नकाशा फिरवायचा. पाण्याची टाकी समोर, तर कागदावरची टाकीही समोर आली पाहिजे. पाय हलवायचा नाय.

"सर, निघू या की आता!"

"नक्को. एका दिवशी एकच गोष्ट. सगळं एकदम केलं की काहीच पक्कं होत नाही."

रोज टाकीकडं तोंड करून उभी बघून गल्लीतल्या भाजीवालीला वाटलं, मी कसलं व्रत धरलंय.

दुसऱ्या आठवड्यात पावलं मोजायची. इथं माझं मरण! एकेचाळीस, बेचाळीस... तेवढ्यात भाजीवाली, "आजी, मेथी?" कशी दिली म्हणून थांबले की मागून आवाज, "भाभी! बात करी, गिनती गई! वापस!" शेवटी मला बघितलं की भाजीवालीच तोंडावर बोट ठेवायला लागली.

तिसऱ्या आठवड्यात फक्त वळणाआधीच्या खुणा पाठ करायच्या. आणि रोज शेवट तोच. नकाशावर जिथं पोचायचं तिथं सर एकात एक दोन वर्तुळं काढायचे, ती नेहमी त्यांच्याच ओट्यावर. मी पोचले की चहा तयार. कुठं चुकलं ते वहीत लिहायचं, मग मनसोक्त बोलायचं.

चौथ्या आठवड्यात बहिणीच्या घराचा नकाशा मिळाला. क्रांती चौकात उतरले, कागद फिरवला, गप्प राहून पावलं मोजली. लई अवघड गेलं, गप्प राहणं!

बहीण उशीवरूनच दाराकडं बघत राहिली. "कुणासंगं आलीस?"

"कुणासंगं नाय."

परत निघताना सरांनी वेगळा दिलेला परतीचा नकाशा उघडला. दोन वर्तुळं या वेळी माझ्या दारावर होती. खाली बारीक अक्षरात, 'भाभी, शिकणं झालं.'

मी बहिणीच्या उशाचा पेन घेतला.

संध्याकाळी मी माझ्या दारावरून पुढं गेले, तसे सर ओट्यावरून ओरडले, "भाभी, चुकलात! घर पीछे रह गया!"

मी नकाशा त्यांच्या हातात दिला. माझ्या दारावरची वर्तुळं खोडलेली, त्यांच्या ओट्यावर नवी, जरा वाकडीतिकडी.

सर बघत राहिले. नकाशा उलटा धरला होता. त्यांनी तो फिरवला नाय.