पिस्तूल काही सुटेना!

नेमबाजी माणसाच्या रक्तात असावी लागते, आणि ती माझ्या रक्तात आहे! कॉलेजात एनसीसीत असताना मी अशी काही गोळी झाडली होती, की आमच्या सुभेदारांनी स्वतः येऊन माझ्या हातातली रायफल काढून घेतली. आठवण म्हणून ठेवली असेल बिचाऱ्यांनी!

म्हणूनच नरखेडहून माझ्या सासऱ्यांचा, रुपरावजींचा फोन आला, "जवाईबापू, वानरं झाडावर एक संत्रं ठेवून नाही राहिले!" तेव्हा मी ताबडतोब म्हणालो, "मामाजी, शनिवारी येतो. बंदोबस्तच करतो!"

तिकडून नुसतं "हूं" आलं. सासऱ्यांचं माझ्याबद्दलचं मत तसं बेताचंच आहे. मी कोराडीच्या वीज केंद्रात स्टोअरला. त्यांच्या दृष्टीनं ही नोकरी म्हणजे पंख्याखाली बसणं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण विहिरीवरच्या मोटरचं बटन दाबायलाही ते मला सांगत नाहीत. म्हटलं, आता दाखवूच!

नागपूरला सदरमधल्या बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं एक लांबुडकं काळं हत्यार समोर ठेवलं.

"दिसायले पिस्तूल, पण छर्रा रायफलचा! हवेवर चालते. लायसनची झंझट नाही."

"पण नेम?"

त्यानं पिस्तुलाच्या मागं एक पट्ट्याची खोबण जोडली. "हा ब्रेस. मनगटाच्या वर आवळून बांधायचा. हात हलणार नाही!"

"अजिबात नाही?"

"साहेब, तुम्ही हलाल, हात नाही हलणार!"

घरी बायकोनं, कामिनीनं, ते बोटानं ढोसून पाहिलं. "अहो, वानरं फटाक्याले भेत नाहीत. ह्याले काय भेतील?"

"मारायचं नाहीच आहे त्यांना! नुसता धाक!"

शनिवारी सकाळी बागेत सगळं घर जमलं. आधी हात बसावा म्हणून मोटरच्या खोलीवर तेलाचा रिकामा डबा टांगला. ब्रेस बांधला. पट्टा ओढला, बक्कल कट्‌कन बसलं. एक डोळा मिटला आणि चाप ओढला.

फट्!

आवाज असा, की शेजारच्या गावात कोणी सोड्याची बाटली उघडली असावी! झाडावरच्या वानरांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा संत्रं सोलायला घेतलं. डबा जागचा हलला नाही. छर्रा मात्र वाया गेला नव्हता. तो वळचणीला असलेल्या गांधीलमाश्यांच्या पोळ्यात गेला होता!

"पळा!" सासरे ओरडले.

सगळे पळाले. मीही पळालो. डाव्या हातानं तोंड झाकलं, पण उजवा हात पिस्तुलाला जखडलेला! माश्यांनी सगळा राग त्याच्यावर काढला. घरी पोचेपर्यंत पंजा फुगून दुधी भोपळ्याएवढा झाला. पट्टा मांसात रुतला, बक्कल अडकलं, आणि बोट चापाच्या कडीत असं बसलं की पुढं जाईना की मागं येईना.

सासूबाईंनी चुना लावला. सासरे विळा घेऊन आले.

"बाबा, थांबा! हात जाईल त्यायचा!" कामिनी किंचाळली.

सासऱ्यांनी विळा खाली ठेवला, माझ्या हाताकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "तसं बी काय काम पडते वं त्या हाताचं?"

गावच्या डॉक्टरनं तर दारातूनच पाहिलं. "नागपूरले धंतोलीत हाडाच्या दवाखान्यात न्या!" म्हणाला आणि दार लावलं!

कामिनीनं हाताला पिस्तुलासकट दुपट्टा गुंडाळला आणि आम्ही नागपूरची एसटी पकडली. ती पुढच्या सीटवर बसली आणि दांड्यावर डोकं टेकवून लगेच झोपली. माझ्या शेजारी इंदूबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई होत्या. गुडघा दाखवायला धंतोलीलाच, त्याच हाडांच्या दवाखान्यात निघालेल्या.

"हात मोडला काय गा, बाबू?"

"नाही बाई, अडकला."

तेवढ्यात कंडक्टर आला. मी सवयीनं उजवा हात खिशाकडे नेला. दुपट्टा घसरला, आणि पिस्तुलाची नळी थेट त्याच्या पोटासमोर! त्यानं हळूच दोन्ही हात वर केले. अगदी आदबीनं म्हणाला, "साहेब, गाडी कुठं न्यायची?"

मला कळ असह्य होत होती. म्हणालो, "धंतोलीले, हाडाच्या दवाखान्यात! अन् लवकर!"

तो चवड्यांवर चालत ड्रायव्हरकडे गेला आणि मोबाइलवर हळूच काहीतरी पुटपुटला. त्यानंतर गाडी काटोलला थांबली नाही, कळमेश्वरला थांबली नाही. प्रवाशांनी माना खाली घातल्या. मागून एकानं दुरूनच डबा पुढं केला, "चिवडा घ्या ना, साहेब." माझे डोळे भरून आले. एका पेशंटसाठी किती ही माणुसकी!

गाडी दवाखान्याच्या दारात उभी राहिली. मी उतरलो, तर समोर पोलिसांची जीप आडवी.

"हत्यार खाली टाक!"

"टाकता आलं असतं तर इथं कशाला आलो असतो?" मी ओरडलो.

"हात वर!"

मी वर केले. पिस्तूल आकाशात उगवलेलं पाहून सगळे पोलिस जीपमागं बसले! त्या गलक्यात कामिनी जागी झाली.

"अहो, हे काय करून राहिले तुम्ही?" ती तरातरा खाली उतरली. "साहेब, ह्यायले गांधीलमाश्या चावल्या!"

इन्स्पेक्टरनं जवळ येऊन हत्यार तपासलं, ते रिकामं होतं. मग मला धरून आत नेलं.

"हा ब्रेस कोणत्या डॉक्टरनं बसवला?" हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"सदरच्या बंदुकवाल्यानं."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग आधी पट्टा कापला, नंतर कडी कापली. इन्स्पेक्टरनं मला यथेच्छ झापलं आणि पिस्तुलाचे तुकडे चौकशीसाठी नेले. मी ते अजून मागितलेले नाहीत.

सासऱ्यांचा फोन आला. "जवाईबापू, माश्यायच्या भेवानं वानरं पळाले."

"बघा!" मी म्हणालो.

"पण मोटरच्या खोलीत आम्हाले बी जाता येत नाही. तुम्ही आता आराम करा. लय दिवस करा."

बाहेर बाकावर इंदूबाई बसल्या होत्या. काटोलचे प्रवासी मला शिव्या देत उलट्या गाडीनं गेले होते, पण बाई खुशीत!

"बाबू, दर खेपेले स्टँडवरून ऑटोवाल्याच्या पाया पडा लागते. आज गाडी थेट दारात! पुढच्या शनिवारी मले परत बोलावलं हाय. तू येशील ना गा?"

मी 'बघतो' म्हणणारच होतो. तेवढ्यात कामिनीनं माझा धड असलेला डावा हात असा काही आवळून धरला, की तो सोडवायलाही मला परत डॉक्टरांकडेच जावं लागतं की काय, असं वाटलं!